तिरंदाजाचा दुखरा खांदा : कमान सोडायची की हलकी करायची?

३५ पौंडांची कमान म्हणजे साधारण १६ किलोची ओढ. एका सकाळी १०० बाण सोडले, तर खांद्याने मिळून १,६०० किलो ओढले. दोन छोट्या मोटारींचे वजन जवळपास एवढेच भरते. बाण सोडणारा हा हिशेब सहसा मांडत नाही. त्याचे लक्ष निशाणावर असते.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या तरुणाच्या बाबतीत तर हा हिशेबही अर्धाच आहे. समजा, त्याचे काम लाइनवर गाडीच्या पोटाखाली उभे राहून नट आवळण्याचे आहे. दर मिनिटाला एक गाडी पुढे सरकत असेल, तर जेवणाची आणि चहाची सुट्टी वगळूनही एका शिफ्टमध्ये चारशेहून जास्त वेळा हात डोक्याच्या वर जातो, तोही हातात टूल घेऊन. मग तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून बाइक काढत भोसरीला किंवा निगडीला घरी यायचे आणि सुट्टीच्या सकाळी कमान घेऊन मैदानावर जायचे. खांद्याला कंपनीचे काम वेगळे आणि शौक वेगळा असे कळत नाही. दोन्ही एकाच खात्यावर जमा होते. हे खाते फुगले की एके रात्री कुशीवर झोपताना दंडाच्या बाहेरच्या बाजूला ठणका लागतो. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या बाहीत हात घालताना तोंडातून ‘या अल्लाह’ निघते.

अशा वेळी घरात दोन सल्ले मिळतात. अम्मी म्हणते, ‘फेकून दे ती कमान.’ मित्र म्हणतात, ‘दुखतंय म्हणजे ताकद येतेय, ओढत राहा.’ माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दुसरा जास्त घातक आहे.

कमानीची ओढ लागते कुठून?

महाराष्ट्रात तिरंदाजी आज चांगल्या दिवसांत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्णपदक मिळवले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या मजुराचा मुलगा प्रवीण जाधव पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करून २०१९ साली जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक विजेत्या संघात होता. पुढे तो टोकियो ऑलिंपिकलाही गेला.

आपल्या मुलांना कमानीची ओढ मात्र बऱ्याचदा वेगळ्या वाटेने लागते. एर्तुग्रुलची तुर्की मालिका घराघरांत पाहिली गेली. घोड्यावरून अंगठ्याने दोर ओढणारे धनुर्धर पाहून अनेक पोरांनी ऑनलाइन कमानी मागवल्या. त्यात दीनी ओढही आहेच. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) यांची तिरंदाजी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सहीह मुस्लिममध्ये हजरत उकबा बिन आमिर (र.) यांच्या रिवायतीत कुरआनातल्या ‘ताकद’ या शब्दाचा अर्थ प्रेषित (स.) यांनी तिरंदाजी असा सांगितल्याचे येते. तिरंदाजी शिकून नंतर सोडून देणाऱ्याबद्दल त्याच ग्रंथात कडक इशाराही आहे. ही हदीस ऐकलेला तरुण खांदा दुखत असूनही थांबायला तयार होत नाही. थांबलो तर गुन्हेगार ठरेन, असे त्याला मनोमन वाटते. पण दुखण्यामुळे दोन-तीन महिने कमान खुंटीला टांगणे म्हणजे शिकलेले टाकून देणे नव्हे. तुमच्या शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, ही शिकवणही हदीसमध्येच आहे. शंका राहिली तर आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे, पण दुखऱ्या खांद्याने ओढत राहण्यासाठी दीनचा आधार घेऊ नये.

पारंपरिक कमान खांद्याला जड का जाते?

अदिती आणि ओजस वापरतात ती कंपाउंड कमान. तिच्या दोन टोकांना चाके असतात. पूर्ण ओढल्यावर या चाकांमुळे वजन एकदम उतरते आणि बोटांवर थोडाच भार उरतो. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह कमानीत ही सोय नाही, पण तिला वजन तोलणारे दांडे असतात आणि प्रशिक्षक रोज डोळ्यांत तेल घालून खांद्याची ठेवण पाहतो. तुर्की, इराणी किंवा मोगली पद्धतीच्या कमानीत यातले काहीच नसते. जितके ओढाल तितकी ती जड होत जाते आणि पूर्ण ओढल्यावर सर्वांत जड असते. वर आपला बहुतेक तरुण व्हिडिओ पाहून शिकतो, मागे उभे राहून खांदा खाली दाबणारे कोणी नसते.

यात एक छुपा घोळ आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. कमानीवर ३५ पौंड लिहिलेले असते ते साधारण २८ इंचांच्या ओढीला. बोटांनी ओढणारा हनुवटीपर्यंत येतो. अंगठ्याने ओढणारा गालाच्या मागे, कानापर्यंत जातो, म्हणजे ३०-३१ इंचांपर्यंत. दर इंचाला दोन-अडीच पौंड वाढतात. म्हणजे ३५ ची म्हणून घेतलेली कमान प्रत्यक्षात ४२ पौंडांच्या घरात जाते. ही वाढ सर्वांत शेवटी येते, जिथे खांदा सर्वांत अडचणीत असतो. सामान तोलायचा हुकाचा डिजिटल काटा दोराला अडकवून आपण नेहमी जेवढे ओढतो तेवढे ओढून पाहावे, खरा आकडा दिसतो. काटा काढताना दोर हळूच परत न्यावा. बाण न लावता दोर मोकळा सोडला तर कमान फुटू शकते.

आता खांद्यात काय होते ते पाहू. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. तो जागेवर राहतो मुख्यत्वे चार लहान स्नायूंमुळे. डॉक्टर त्यांना ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हे स्नायू दिसत नाहीत, आरशात फुगत नाहीत, म्हणून जिममध्ये त्यांची कोणी विचारपूस करत नाही. त्यांपैकी एकाची शीर खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून, अरुंद जागेतून जाते. हात डोक्याच्या वर गेला किंवा खांदा कानाकडे चढला की त्या शिरेवर ताण येतो. असे हजारदा झाले की ती दुखावते.

कमान धरलेल्या हाताचा दोष बहुधा एकच असतो. ओढ पेलवत नाही म्हणून खांदा वर चढतो आणि मान आखडते. ओढणाऱ्या हाताचा दोष वेगळा. कमान पाठीने ओढायची असते. पाठीवरचे खांद्याचे फरे कण्याकडे सरकायला हवेत, कोपर मागे वळायला हवे. कमान जड असेल तर पाठीला ते जमत नाही, मग दंड आणि खांद्याची पुढची बाजू ते काम अंगावर घेते. ओळखायची खूण सोपी आहे. पूर्ण ओढून पाच सेकंद थांबा. हात थरथरला, श्वास अडकला किंवा खांदा चढला, तर ती कमान आज तुमच्यासाठी जड आहे. काहीजण ओढल्याबरोबर झटकन सोडतात आणि हीच जुनी पद्धत असल्याचे सांगतात. झटपट सोडण्याची पद्धत खरीच होती. पण तिच्याआड जड कमान लपवणारेही पुष्कळ असतात.

लेझीम मुळात कशासाठी होती?

आपल्या शाळांत २६ जानेवारीला, गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत लेझीम खेळली जाते. हलगीच्या तालावर छनछन वाजणारी ही लेझीम मुळात तिरंदाजाची आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? शब्द फारसी, ‘लेजम’. जुन्या कोशांत त्याचा अर्थ दोराऐवजी लोखंडी साखळी लावलेली, व्यायामाची कमान असा दिला आहे. बाण न सोडता ती नुसती ओढायची आणि सैल करायची. इराणच्या तालमींत, म्हणजे जूरखान्यांत, आजही साखळी लावलेली लोखंडी कमान डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. तिला ते ‘कब्बादा’ म्हणतात. उस्मानी तुर्कांकडे नवशिक्याला ‘केपाझे’ नावाची मऊ कमान देत. तो ती रोज शेकडो वेळा ओढून परत नेई, आणि शरीर तयार झाल्याशिवाय त्याच्या हातात खरा बाण येत नसे. हीच तुर्की पारंपरिक तिरंदाजी २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत दाखल झाली. इजिप्तच्या ममलुक काळातल्या अरबी ग्रंथांतही नवशिक्याने मऊ कमानीने, जवळच्या निशाणापासून सुरुवात करावी असे सांगितले आहे.

मला यात मोठे शहाणपण दिसते. ज्या काळी तिरंदाजीवर जीव अवलंबून होता, त्या काळच्या उस्तादांनाही घाई नव्हती. आपल्याला मात्र पार्सल आल्याच्या दिवशीच ४० पौंड ओढून रील टाकायची असते. (जाता जाता एक गोष्ट : कमानी बनवणाऱ्यांना कमानगर म्हणत. कच्छमधले मुस्लिम कमानगर कमानींचे दिवस संपल्यावर भिंतीवरची चित्रे रंगवू लागले आणि कमानगरी ही चित्रशैली त्यांच्याच नावाने ओळखली जाते.)

आज साखळीची कमान मिळणे अवघड, पण औषधाच्या किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळणारा रबरी पट्टा तेच काम करतो. दाराच्या कडीला पट्टा बांधावा, कोपर कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवावा. तोच पट्टा दोन्ही हातांनी वल्ह्यासारखा मागे ओढावा आणि फरे कण्याकडे आणावेत. भिंतीला हात टेकून दंड काढावेत आणि शेवटी भिंत आणखी थोडी ढकलावी, म्हणजे फऱ्याला छातीच्या पिंजऱ्यावर धरून ठेवणारा स्नायू कामाला लागतो. प्रत्येक प्रकार १०-१५ वेळा, तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. एवढेच. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. दहा दिवसांत काही झाले नाही म्हणून बहुतेकजण सोडून देतात आणि दुखणे मुक्कामाला राहते.

मुलांच्या हातात कोणती कमान?

१५४५ साली इंग्लंडचे ‘मेरी रोज’ नावाचे लढाऊ जहाज बुडाले आणि १९८२ मध्ये ते समुद्रातून वर काढले. त्यावर लांब कमानी होत्या, काहींची ओढ १०० पौंडांच्याही पुढची. सैनिकांचे सांगाडेही मिळाले. त्यांच्यात खांद्याच्या टोकाचे हाड फऱ्याला नीट न जुळलेले असण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले. हे हाड जुळायला वयाची वीस-बावीस वर्षे लागतात, कधी थोडी जास्त. पोरवयापासून जड कमानी ओढल्याने त्या मुलांची हाडे जुळलीच नाहीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

म्हणून सातवी-आठवीतल्या मुलाला किंवा मुलीला ‘अब्बूची कमान’ ओढायला लावून व्हिडिओ काढू नये. त्यांना १०-१५ पौंडांची कमान पुरे. आपल्या देशातल्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा बांबूच्या कमानीचा प्रकार असतो. तो पारंपरिकही आहे, स्वस्तही आहे आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली शिकता येतो. मुलांची सुरुवात तिथून व्हावी.

कोणते दुखणे कसले?

सरावानंतर पाठीत, फऱ्यांच्या मध्ये जडपणा आला आणि दोन दिवसांत गेला, तर काळजी नको. तो मेहनतीचा आहे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला दुखते, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते आणि पूर्ण वर गेल्यावर कमी होते, त्या कुशीवर झोपता येत नाही, तर कफच्या शिरा दुखावल्या आहेत. तिरंदाजांत आणि लाइनवर काम करणाऱ्यांत हेच जास्त दिसते. बहुतेकांचे ऑपरेशनशिवाय बरे होते.

ओढताना ‘कट्’ असा आवाज होऊन हात वर जाणेच बंद झाले, तर शीर तुटलेली असू शकते. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, विशेषतः चाळिशी उलटली असेल तर. बोटांत मुंग्या येतात, हात बधिर होतो, मान वळवली की कळ खाली उतरते, अशा वेळी मूळ खांद्यात नसून मानेत असण्याची शक्यता जास्त. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप असेल तर पट्टा, तेल, शेक काही करत बसू नका. थेट दवाखाना गाठा. हृदयविकाराचे दुखणे खांद्यातही जाणवते.

एक दुखणे घरातल्या मोठ्यांचे आहे. चाळीस ते साठ वयात, आणि मधुमेह असलेल्यांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त, खांदा हळूहळू आखडत जातो. याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणतात. केस विंचरता येत नाहीत, पाठीमागे हात जात नाही. दुसऱ्याने हात धरून फिरवला तरी फिरत नाही, हीच त्याची ओळख. एक ते तीन वर्षे तो टिकू शकतो. मुलाच्या खांद्याचा इलाज करायला घरचे निघाले आणि मग अम्मीनेच सांगितले की माझाही हात सहा महिने वर जात नाही, असे घराघरांत होते. मोठ्यांचे दुखणे विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. त्या घरात साखरेची तपासणी कधी झाली होती, हेही पाहून घ्यावे.

कोणाला दाखवायचे?

आपल्या वस्त्यांत खांदा दुखला की पहिली धाव मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे असते. हलक्या हाताच्या मालिशने बरे वाटते. पण दुखावलेली शीर जोरजोरात चोळणे किंवा हात धरून झटका देणे नुकसान करते. हिजामा करणारेही पुष्कळ आहेत. त्याने काही काळ आराम पडल्याचे अनेकजण सांगतात, पण कमान जड आहे तोवर आराम टिकणार नाही. करून घ्यायचाच असेल तर ब्लेड नवे आणि निर्जंतुक असल्याची खात्री करा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेऊन ती खाऊन बाण सोडायला जाणे ही सर्वांत वाईट सवय आहे. गोळी दुखणे झाकते, आणि खांदा थांब म्हणत असतो ते ऐकू येत नाही. महिनोन्महिने खाल्ल्यास पोट आणि मूत्रपिंड बिघडते ते वेगळेच.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी ईएसआयचा हक्क सोडू नये. दरमहा वेतनाची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. कंत्राटी कामगारही त्यात येतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे. तुमच्याबरोबर तुमच्या अवलंबित कुटुंबीयांचाही इलाज त्यात होतो, म्हणजे अम्मीचा आखडलेला खांदासुद्धा. ठरावीक सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल आणि डॉक्टरांनी रजेचा दाखला दिला, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. महिलांना फिजिओथेरपीसाठी खांदा उघडा करावा लागतो, म्हणून अनेकजणी जातच नाहीत. महिला फिजिओथेरपिस्टची वेळ विचारून घेता येते. त्यात संकोच कसला?

कंत्राटी मुलाची भीती मला कळते. ‘खांदा दुखतो’ म्हटले तर सुपरवायझर उद्यापासून येऊ नको म्हणेल, म्हणून तो गप्प राहतो. त्यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. पण एकदम ‘हे काम जमत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘दोन तासांनी स्टेशन बदलून द्या’ किंवा ‘पायाखाली उंच फळी द्या, म्हणजे हात खांद्याच्या खाली राहील’ असे मागणे सोपे जाते. कारखान्याच्या डॉक्टरांकडे नोंद करून ठेवली तर पुढे उपयोगी पडते.

एक्स-रेमध्ये या शिरा दिसत नाहीत, तो हाडांसाठी असतो. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसतात. मात्र एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘फाटली आहे’ असे वाचून घाबरू नये. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या खांद्यातही असे बदल सापडतात. रिपोर्टपेक्षा हात किती वर जातो, किती जोर लागतो, याला जास्त महत्त्व. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आणि मधुमेह असेल, तर पुढचे काही दिवस साखर वाढते हे लक्षात ठेवून तपासत राहावे.

नमाज, रोजे आणि रात्रपाळी

खांदा दुखत असताना तकबीरला हात कानापर्यंत जात नसतील तर जातील तिथपर्यंत न्यावेत. सजद्यात जाताना सगळा भार एकदम तळव्यांवर टाकू नये, आधी गुडघे टेकवून सावकाश जावे, आणि उठताना चांगल्या हाताचा आधार घ्यावा. अगदीच जमत नसेल तर आजाऱ्यासाठी शरीअतने सवलत ठेवली आहे, त्याचा तपशील आलिमांकडून समजून घ्यावा.

रमजानमध्ये बाणांची संख्या निम्मी करावी आणि सराव इफ्तारच्या थोडा आधी किंवा तरावीहनंतर ठेवावा. दुपारच्या उन्हात, घसा कोरडा असताना जड कमान ओढण्यात शहाणपण नाही. पट्ट्याचे व्यायाम मात्र चालू ठेवावेत, ते पंधरा मिनिटांचे काम आहे. रात्रपाळी करून आलेल्याने त्याच सकाळी मैदानावर जाऊ नये. झोप नसलेला खांदा लवकर थकतो, थकला की वर चढतो. आणि कमानीची बॅग दुखऱ्या खांद्यावर लटकवून बाइक चालवू नये, एवढी साधी गोष्ट पाळली तरी फरक पडतो.

परत कधी ओढायचे?

हात पूर्ण वर जातो, त्या कुशीवर झोप लागते, पट्ट्याचे व्यायाम दुखल्याशिवाय होतात, एवढे झाले की सुरुवात करता येते. तोवर हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही. रोजची हलकी कामे करत राहायची, नाहीतर खांदा आखडतो.

पहिली कमान पूर्वीच्या निम्म्या ओढीची हवी. नवी विकत घ्यायला पैसे नसतील तर मित्राच्या मुलाची मागून आणा, लाज वाटायचे कारण नाही. निशाणाचा कागद लावू नका. तीन-चार मीटरवरून नुसत्या पेंढ्याच्या गठ्ठ्यावर, दिवसाआड २०-३० बाण. निशाण समोर नसले की गुण मोजण्याची घाई राहत नाही आणि खांदा खाली आहे का, कोपर मागे गेले का, पाठ ओढते आहे का, हे पाहता येते. ओढताना दुखणे दहापैकी तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी गेलेले असेल, तर चालते. सकाळीही टिकून असेल तर पुढच्या वेळी बाण कमी करा.

आधी बाण वाढवायचे, मग अंतर, आणि पौंड सगळ्यात शेवटी. दोन-तीन पौंडांची वाढ केल्यावर तीन-चार आठवडे तिथेच थांबायचे. ज्या आठवड्यात कंपनीत ओव्हरटाइम लागला, त्या आठवड्यात वाढ नाही, बाणही कमी. या चालीने १८ पौंडांपासून पुन्हा ३५ पर्यंत यायला सहा-आठ महिने लागतात. वाटेत २५ पौंडांवर बाण घट्ट बसतोय, हात थरथरत नाही आणि निशाण सापडते आहे असे दिसले, तर तिथेच थांबलात तरी चालेल. २० मीटरवरचा पेंढ्याचा गठ्ठा २५ पौंडांच्या कमानीने सहज भेदला जातो.